पान भिजेपर्यंत

माइकवर पहिलं वाक्य मी कधीच कामाचं बोलत नाही.

बेळगावातल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी निवेदन करतो. लग्नाचे स्वागत समारंभ, निवृत्तीचे सत्कार, विहारातले कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं. कार्यक्रम सुरू होताना सभागृहात खुर्च्या सरकत असतात, मुलं पळत असतात, आणि पहिल्या रांगेतले मान्यवर एकमेकांच्या कानात काहीतरी अतिमहत्त्वाचं सांगत असतात. अशा वेळी मी माइकला टिचकी मारतो आणि चेहरा गंभीर ठेवून विचारतो, "मागच्या रांगेतल्या ताई, मघाशी तुम्ही दुसऱ्यांदा जिलेबी घेतलीत, ती पहिलीइतकीच चांगली होती का?" मागच्या रांगेत डझनभर ताई असतात. प्रत्येकीला वाटतं, मेला माझ्याकडंच बघत होता. हशा पिकतो, मान्यवर माना वळवून मागे बघतात, आणि त्या माना परत पुढे येतात तेव्हा त्यांच्यासोबत कानही आलेले असतात. मग मी सत्कारमूर्तींविषयी बोलायला लागतो.

लोक म्हणतात, सरांना देणगी आहे. मी मान झुकवून ती स्वीकारतो, कारण स्तुती परत करायची मला सवय नाही. पण खरं सांगायचं तर ही विद्या मी निपाणीत, दहा बाय बाराच्या एका खोलीत, ओल्या गोणपाटाचा वास घेत शिकलो.

माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्याच बायका वळायच्या. टेंभुर्णीची पानं आणली की ती कडक, ठिसूळ असतात. हात लावला की तडकतात. म्हणून आई ती पाण्यात बुडवून काढायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पान असं मऊ व्हायचं की बोटाभोवती आपण होऊन फिरायचं. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कातर आणि पत्र्याचा साचा. साच्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ. बघणाऱ्याला वाटायचं, सगळी करामत त्या वळशात आहे. आई म्हणायची, करामत आदल्या दिवशीच झालेली असते.

मला हे पानापुरतंच वाटत होतं. नववीत असताना बुद्धपौर्णिमेला विहारात मी पहिलं भाषण केलं. उभा राहिलो आणि "अध्यक्ष महाशय" म्हणून जो सुटलो तो शेवटच्या टाळीपर्यंत. टाळी एकच वाजली, ती वडिलांची, आणि तीही चुकीच्या जागी. लोक खीर कधी येते ते बघत होते. घरी येऊन मी कोपऱ्यात तोंड घालून बसलो. आई पानं कापत होती. वर न बघता म्हणाली, "वाळल्या पानाची विडी वळायला गेलतास व्हय रं?"

तिनं स्वतः ही विद्या कशी वापरली, ते मी पुढं तीनच वर्षांनी पाहिलं. बारावी झाली होती. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आणि वखारीतच मला कारकुनाच्या हाताखाली लावायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. आईला मला बेळगावच्या कॉलेजात पाठवायचं होतं. घरात दोघांचं भांडण होईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. भांडण झालंच नाही. आई कॉलेजाचं नावसुद्धा काढेना. फक्त एक दिवस वखारीतल्या कारकुनानं वडिलांना सहज विचारलं, "पोरगं बेळगावला कधी चाललंय?" दोन दिवसांनी दाढी करताना न्हाव्यानं विचारलं. मग चहाच्या गाडेवाल्यानं विचारलं, आणि वर म्हणाला, "आता काय आप्पा, तुम्ही मास्तराचं बाप."

त्या संध्याकाळी वडील तणतणत आले. "आख्ख्या निपाणीला ठावं हाय आनि मलाच न्हाय?"

आई शांतपणे म्हणाली, "ठरवायचं तुमीच की. म्हणून तर मी कुणाला काय बोलले न्हाय."

वडील दारात उभे राहिले. मास्तरचा बाप व्हायला त्यांना तीन दिवस मिळाले होते आणि ती जागा त्यांना आवडली होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक घेऊन आले. ती ट्रंक अजून माझ्या माळ्यावर आहे. हा किस्सा मी किमान पन्नास व्यासपीठांवर सांगितला असेल. इतक्या वेळा सांगितल्यामुळं मला वाटायला लागलं होतं की तो मला कळलाय.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

वडील जाऊन सहा वर्षं झालीत. आई निपाणीत एकटी राहायची. जुन्या खोलीच्या जागी आता दोन खोल्यांचं पक्कं घर आहे, विड्या कधीच बंद झाल्यात, फक्त कातर तेवढी खुंटीला लटकते. श्रावणात ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि डाव्या मनगटाला प्लास्टर बसलं. तिच्या शेजारी एक आक्का राहायच्या. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, माहेर कोगनोळीचं, विड्या वळायच्या काळापासूनची जोडी. आवाज ऐकून त्याच धावल्या, त्यांनीच रिक्षा आणली, त्यांनीच मला फोन केला. मी गाडी घेऊन गेलो आणि आईला बेळगावला आणलं. प्लास्टर सहा आठवडे राहणार होतं.

वंटमुरीचा घाट चढतानाच मी ठरवून टाकलं. आता ती परत जाणार नाही. तिनं यापुढं आमच्याकडंच राहायचं. पुढच्या वेळी आक्का घरात नसल्या तर? ती न्हाणीत तशीच पडून राहिली तर?

पण मी काही बोललो नाही. मी तिचाच मुलगा होतो. घरी आल्यावर बायकोला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून सांगितलं, "या घरात सहा आठवडे 'कायमचं' हा शब्द निघता कामा नये. पान भिजवायचंय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "आत्यांचं? त्यांच्याच गोणपाटात?"

"बघत राहा," मी म्हणालो.

मग मी जे नाट्य उभं केलं, त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. आईची खाट हॉलमध्ये खिडकीशी लावली, म्हणजे खाली भाजीवाली, रिक्षावाले आणि शाळेतून सुटणारी पोरं दिसावीत. बायकोला सांगितलं की रोज एक पदार्थ आईला विचारून करायचा, म्हणजे आपल्यावाचून या घराचं अडतं असं तिला वाटेल. आणि सगळ्यात मोठा डाव म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई. त्या निवृत्त परिचारिका, घरात कन्नड बोलणाऱ्या, पण बेळगावात जन्म गेल्यानं मराठीही फाडफाड. आईचं कन्नड बाजारातलं, भाव करण्यापुरतं. त्यांना मी जिन्यात गाठून म्हणालो, "बाई, दुपारी आईकडं चहाला येत जा. तिला इथं ओळखी झाल्या पाहिजेत."

त्या येऊ लागल्या. आई दारातच "बर्री, बर्री" म्हणून त्यांना आत घ्यायची आणि दोघी तास-तासभर बसायच्या. शाळेतून आल्यावर दारात मला दोघींचं हसू ऐकू यायचं आणि मी मनातल्या मनात वाकून प्रेक्षकांना नमस्कार करायचो.

आईही अगदी गुणी वागत होती. खिडकी आवडली म्हणाली. सुनेला खर्डा कसा ठेचायचा ते एका हातानं दाखवलं. जरा जास्तच गुणी वागत होती, पण नाटक रंगात आलं की नटाला प्रेक्षकांचा संशय येत नाही.

रोज संध्याकाळी ती आक्कांना फोन करायची. स्पीकर चालू ठेवून. आक्कांचा आवाज असा की स्पीकर नसता तरी निपाणीहून आला असता. त्यामुळं चहा पिताना मला सगळं ऐकावंच लागायचं. आज आक्कांनी आमचं घर उघडून झाडून काढलं. आज कढीपत्त्याला पाणी घातलं. आक्कांच्या मुलानं मागं एकदा त्यांना पुण्याला नेलं होतं, बाराव्या मजल्यावर. पंधरा दिवसांत त्या परत आल्या. "पोरगं लई चांगलं," स्पीकरमधून आवाज आला, "सून बी चांगली. पन दिवस उगवला की मी कुणाचीच न्हवं बघ." दुसऱ्या एका दिवशी कळलं की आक्कांना ताप आला होता आणि दूधवाल्यानं हाक मारीपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता.

फोन ठेवून आई पुटपुटली, "दोन घरं, दोन चुली, आनि दोन म्हाताऱ्या. काय उपेग."

"खरंय," मी म्हणालो. खरंच होतं ते. मी बिस्कीट बुडवलं.

तिसऱ्या आठवड्यात आईनं न्हाणीचा विषय काढला. "ती फरशी लई गुळगुळीत हाय रं. उद्या घर कुणाला राहायला द्यायचं झालं, तर कोन पडंल की."

माझ्या काळजानं उडीच मारली. घर राहायला द्यायचं, असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणत होती. पान मऊ झालं होतं. मी त्याच रविवारी निपाणीला गेलो, गवंडी गाठला, न्हाणीत खरखरीत फरशी बसवून घेतली आणि भिंतीला धरायची दांडीही लावून घेतली. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, उंबरा उंच आहे. मी तो उतरवला. मग म्हणाली, मधल्या दाराला बाहेरून उघडायची कडी नाही. तीही केली. दर रविवारी आक्का मला जेवायला वाढायच्या आणि गवंड्याला माझ्यादेखत सांगायच्या, "नीट कर बाबा, म्हाताऱ्या मानसाचं घर हाय." मी ताटावरून मान वर केली नाही. खर्डा झकास होता.

पाचव्या आठवड्यात खालच्या भाजीवालीनं मला थांबवलं. "सर, आजी जानार व्हय निपानीला? लई करमत हुतं बघा त्यांच्यासंगं." मी हसून म्हणालो, अजून काही ठरलं नाही. मग दवाखान्यात तपासणीला नेणाऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, "त्या दुसऱ्या आजी कधी यायच्यात राहायला?" मी म्हणालो, कोण दुसऱ्या आजी? तो म्हणाला, असंच आपलं. आता तुम्ही म्हणाल, ज्यानं कारकून, न्हावी आणि गाडेवाल्याचा किस्सा पन्नास वेळा सांगितलाय, त्याला इथं तरी दिवा लागायला हवा होता. नाही लागला. मला वाटलं, माणसं चौकशी करतात, बेळगावची माणसं प्रेमळ आहेत.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी शेवटचा अंक लावला. बायकोनं भजी तळली. शेजारीणबाईंना मुद्दाम बोलावलं, कारण बाहेरचं माणूस असलं की आई ताडकन नकार देणार नाही. मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसलो आणि सुरुवात केली ती थेट वडिलांच्या ट्रंकेपासून. मग तिच्या विड्या, माझं कॉलेज, तिनं काढलेले कष्ट. आवाज जिथं दाटायला हवा तिथं दाटला. बायको भजी उलटायची विसरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई टक लावून ऐकत होती. मी एक श्वास घेतला. आता मुद्दा.

"तर आई," मी म्हणालो, "मला असं वाटतं की तू आता..."

"मधी एक इचारू का रं?" आई म्हणाली. "इसरून जाईन न्हायतर. आपल्या निपानीच्या घरात, म्होरल्या खोलीत, आनखी एक खाट बसंल काय?"

"बसेल की," मी म्हणालो. "कपाट मागच्या भिंतीला सरकवलं की आरामात बसते. खिडकीकडची बाजू आक्कांना द्या, त्यांना वारा लागतो. मधलं दार..."

मी थांबलो.

स्वयंपाकघरात भजी करपल्याचा वास यायला लागला. शेजारीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"बाई," मी त्यांच्याकडं वळलो, "तुम्ही माझ्या बाजूच्या होता."

"हौदु सर, पहिल्या दिवशी होते," त्या म्हणाल्या. "मग अज्जींनी मला सगळं सांगितलं. चाळीस वर्षं पेशंट बघितलेत मी, सर. न्हाणीत दांडी पाहिजे आणि हाकेला माणूस पाहिजे. दांडी तुम्ही लावली. माणूस त्यांनी शोधला."

मी बायकोकडं बघितलं. ती पटकन भज्यांकडं गेली. तिथूनच म्हणाली, "मला चौथ्या आठवड्यात कळलं. तुम्ही म्हणाला होता ना, बघत राहा. मी बघत राहिले."

मग मी आईकडं बघितलं. थोडा रागही आला होता, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, ती मला हसेल. ती हसली नाही. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती खाली बघत होती, पूर्वी पान निवडताना बघायची तशी.

"खिडकीपाशी खाट बघितली तवाच मला कळलं तुझ्या मनात काय हाय," ती म्हणाली. "तू बरं भिजवलंस रं. पन मला काय पायजे ते एकदा बी इचारलं न्हाईस."

सहा आठवडे मी तिचे कान तयार करत होतो आणि माझे स्वतःचे बिस्किटाबरोबर चहात बुडवून ठेवले होते.

"हितं सगळी चांगली हायती," ती पुढं म्हणाली. "सून तर जीव लावती. पन मी हितं पाव्हणी. आनि तिकडं आक्का एकटी. तिच्या तापाचं ऐकलंस न्हवं? मी पडले तवा ती धावली. ती पडली तर कोन? पैल्याच दिवशी हे बोलले असते, तर तुला वाटलं असतं, आई माझ्या घरात राह्यना. लई लागलं असतं तुला. म्हणून थोडं थोडं सांगत गेले."

मग सगळं उलटं वाचल्यासारखं झालं. रोजचे ते फोन मी चहाबरोबर गिळले होते. पण त्यात तिनं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. तिला कशाची भीती वाटते, तिला कुणाची काळजी आहे, तिला कुठं बरं वाटतं, सगळं माझ्या कानावर घातलं होतं, मला पेलेल एवढंच एका वेळी. आणि माझी भीतीही तिनं ओळखली होती. ती मोडून काढायला गेली नाही. मलाच कामाला लावून माझ्याच हातानं फरशी, दांडी, उंबरा, कडी करून घेतली. त्या न्हाणीत आता ती पडेल असं मला वाटत नव्हतं. मीच तर ती बनवून घेतली होती.

"आणि रिक्षावाला?" मी विचारलं.

"त्यो गुणी पोरगा हाय," आई म्हणाली. "त्याला काय बोलू नगंस."

सोमवारी प्लास्टर निघालं. मंगळवारी मी रजा टाकली आणि तिला निपाणीला सोडलं. कपाट मीच सरकवलं. आक्कांची खाट, आक्कांची पेटी, आक्कांचा आवाज, सगळं पुढच्या खोलीत आलं. आक्कांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, तेव्हा तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही हे कसं काय सुचवलंत हो? मला तर आईला विचारायचा धीरच होत नव्हता." मी काय सांगणार? मी म्हणालो, असंच आपलं. पुण्यात बाराव्या मजल्यावर त्याचं पान कोण किती दिवस भिजवत होतं, देव जाणे.

निवेदन मी अजून करतो. जिलेबीवाल्या ताई अजून हसतात. पण कार्यक्रमाच्या आधी आता मी अर्धा तास लवकर जातो आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. कोण कशासाठी आलंय, कुणाला कुठली गोष्ट लागेल, कुणाचं माणूस नुकतंच गेलंय, ते ऐकतो. मग माइककडं जातो. आईनं त्यावर काही म्हटलं नाही, पण एकदा एका सत्काराला ती आणि आक्का आल्या होत्या, तेव्हा परतताना आक्का म्हणाल्या, "आवंदा पोरगं बरं बोललं." आई म्हणाली, "कमी बोललं."

दर रविवारी मी निपाणीला जातो. गेल्या रविवारी दारातच दोघींनी माझं जरा जास्त स्वागत केलं. आक्कांनी पाणी आणलं, आईनं पंखा लावला, घसा कसा आहे विचारलं, शाळेला सुट्ट्या किती आहेत विचारलं, आणि गाडीत मागं तिघं बसतात की चौघं, हेही सहज विचारलं. ताटात झुणका, भाकरी, वर लोण्याचा गोळा.

मी हात आखडता घेतला. "काय पाहिजे ते सांगून टाका. पान भिजलंय."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"अजून न्हाय," आई म्हणाली, आणि आणखी एक भाकरी वाढली. "तू जेव आधी."

मी जेवलो.